जाईची काडी फुटते आणि महिन्याभरात वाळते: नेमकं कुठे चुकतं?

काडी लावली की आठ-दहा दिवसांत डोळ्यावर, म्हणजे कोंब फुटतो त्या जागी, हिरवा ठिपका दिसतो. पंधराव्या दिवशी दोन इवली पानं. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवून होतं. आणि महिना भरायच्या आत एका दुपारी ती पानं मान टाकतात, दुसऱ्या दिवशी कुरकुरीत होतात. काडी उपटून बघावं, तर खाली मूळ नावाचा धागासुद्धा नाही.

माझी ही गत सलग चार पावसाळे झाली. साताऱ्याला मावशीच्या अंगणात जाईचा मांडव आहे, त्यावरून काड्या कापायच्या, ओल्या फडक्यात गुंडाळून पुण्याला आणायच्या, कुंडीत खोचायच्या. चौथ्या वर्षी मावशी म्हणाली, "आता मांडवच घेऊन जा, म्हणजे प्रश्न मिटला." चोरून आणलेलं रोप हमखास जगतं असं म्हणतात, म्हणून एकदा तिला न सांगताही काड्या आणल्या. त्याही मेल्या.

पाचव्या वर्षी लागल्या. तेव्हा कळलेली मुख्य गोष्ट आधीच सांगते, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे: फुटवा आला म्हणजे मुळ्या आल्या असं नाही. काडीत वेलीवर असतानाच साठवलेलं थोडं अन्न असतं. ऊब आणि ओल मिळाली की डोळे त्या शिदोरीवर फुटतात, खाली मूळ असो वा नसो. फुटलेलं पान लगेच हवेत पाणी सोडायला लागतं. खाली पाणी ओढणारं कोणी नाही, शिदोरी संपत आलेली, आणि वर खर्च वाढलेला. मग ती ठरलेली दुपार येते. पानं बघून आपण खूश होतो ना, तेव्हाच काडी खरं तर सर्वात नाजूक अवस्थेत असते. आणि नेमकं त्याच वेळी आपण "लागली!" म्हणून ओल टिकवायला काडीवर घातलेलं झाकण काढतो, कुंडी उन्हात सरकवतो, वर मूठभर खत घालतो. मी तिन्ही केलं आहे.

मेलेली काडी फेकू नका, आधी बघा

काडी का मेली हे ती स्वतःच सांगते. हळूच उपटा, पाण्यात खळबळून धुवा आणि खालचं टोक नीट पाहा.

टोक काळं पडलंय, मऊ झालंय, साल बोटाने सरकते आणि कुजकट वास येतो? मग ती पाण्याने मेली. आपल्याकडे बहुतेक काड्या अशाच जातात. आपण कुंडी भरतो ती बागेतल्या मातीने, त्यात शेणखत मिसळतो, कारण "झाडाला चांगलं". पण मुळ्या नसलेल्या काडीला खत घेताच येत नाही. तिला खालच्या टोकाशी ओल हवी आणि तितकीच हवाही हवी. काळी माती भिजली की तिच्यात हवा राहत नाही, आणि कच्च्या शेणखतातल्या बुरशीला ताजा काप म्हणजे उघडं दार.

काडीसाठी माती नकोच. अर्धी जाड वाळू, अर्धं कोकोपीट, बस्स. कोकोपीटचा ठोकळा भिजवल्यावर दोन वेळा पिळून पाणी टाकून द्या, त्यात क्षार असतात. वाळूची मात्र गोची आहे. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, म्हणून आपण जवळच्या बांधकामावरून पिशवीभर क्रश सँड आणतो. तिच्यातली दगडाची भुकटी ओली झाली की सिमेंटसारखी घट्ट बसते. बादलीत घालून चार-पाच पाण्यांनी धुवा, वरचं गढूळ पाणी ओतत राहा आणि खाली उरतील तेवढेच खडबडीत कण वापरा. कोकणातल्यांनी किनाऱ्यावरची वाळू आणायच्या फंदात पडू नये. मिश्रण मुठीत दाबलं तर एखाददुसरा थेंब गळावा, धार लागू नये.

टोक हिरवट आहे, कापाच्या कडेला पांढरट, दाणेदार सूज आली आहे, पण वरचा भाग वाळलाय? मला सगळ्यात जास्त हळहळ या काडीची वाटते. ती सूज म्हणजे जखम भरून आल्याची खूण. मुळ्या निघायच्या बेतात होत्या. ही काडी कोरड्या हवेने मेली. पानं जास्त ठेवली, वारा लागला, झाकण नव्हतं किंवा लवकर काढलं. इथे पाणी वाढवून उपयोग नाही. उलट जास्त पाणी घातलं तर वरून तहानलेली काडी खालून कुजते.

टोकाला काहीच नाही, सूज नाही की कूज नाही, नखाने साल खरवडली तर आत तपकिरी कोरडं? मग काडीची निवड चुकली. फार जून होती, आणतानाच सुकली होती, किंवा उलटी लावली गेली. हसू नका. जाईची पानं समोरासमोर येतात. ती काढून टाकली आणि दोन्ही टोकं कापली की वर कुठलं नि खाली कुठलं, कळत नाही. एका वर्षी पाच काड्या मी डोक्यावर उभ्या केल्या होत्या. तेव्हापासून खालचा काप तिरका आणि वरचा सरळ, हा नियम मोडत नाही.

टोकाशी पोखरून माती भरली असेल तर वाळवी. ती वाळू-कोकोपीटमध्ये सहसा येत नाही, जमिनीत लावलेल्या काड्यांना येते.

काडी कोणती आणि कधी

मृगात लावलेलं काहीही लागतं, असं लहानपणापासून ऐकत आले आणि माझ्या चारही वर्षांच्या काड्या मृगातल्याच होत्या. जूनच्या सुरुवातीला जाई वाढीच्या भरात असते. हाताला येतात ते शेंडे कोवळे, रसरशीत आणि बहुतेक कळ्या धरलेले. कोवळा शेंडा पाणी पटकन गमावतो आणि पटकन कुजतो, आणि कळ्या असलेल्या फांदीचा जीव फुलण्यात गुंतलेला असतो. शिवाय मृगाचा पाऊस दोन दिवस पडतो आणि मग आठवडाभर उघडीप देतो. कोवळ्या काडीला तेवढं पुरतं.

आता मी पुनर्वसू-पुष्यात, म्हणजे जुलैमध्ये लावते. तोवर हवा सलग दमट झालेली असते आणि उन्हाळ्याच्या शेवटी फुटलेल्या फांद्या अर्धवट पिकलेल्या असतात. पिकलेली फांदी ओळखायची सोपी खूण: साल हिरवीतून तपकिरीकडे झुकायला लागलेली, वाकवली तर आधी वाकते आणि मग कटकन मोडते. नुसतीच लोळत गेली तर कोवळी, न वाकता तुटली तर जून. शेंड्याकडचा वीतभर भाग सोडून द्यायचा आणि त्याच्या मागचा घ्यायचा.

दुसरी वेळ जानेवारीअखेर, छाटणीचं लाकूड वाया घालवायचं नसेल तर. लाकूड तेव्हा उत्तम असतं, पण पुढे पुण्या-सोलापुरासारख्या ठिकाणी मार्चची कोरडी हवा लागते, म्हणून झाकण आणि सावली दोन्ही कडक सांभाळावं लागतं.

काडी साधारण 15 ते 20 सेंटिमीटर, तिच्यावर तीन-चार पेरं, म्हणजे पानं फुटतात त्या गाठी. खालचा काप पेराच्या अगदी खाली, अर्धा सेंटिमीटरही शेपूट नको, कारण मुळ्या प्रामुख्याने पेरापाशी निघतात आणि शेपूट कुजतं. दोन पेरं मिश्रणात, बाकीची वर. पानं फक्त सर्वात वरची एक जोडी, आणि तिच्याही पुढच्या अर्ध्या पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) कात्रीने उडवायच्या. ब्लेड किंवा सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवं. स्वयंपाकघरातल्या कात्रीने काडी कापली जात नाही, चेचली जाते. काडी मिश्रणात थेट खोचू नका. आधी पेन्सिलीने भोक पाडा, मग काडी सोडा आणि बाजूने दाबा.

रूटिंग पावडर वापरावी का? जाईला ती लागतेच असं नाही, पण फरक पडतो. तिच्यात आयबीए नावाचं संप्रेरक असतं. काडीचं ओलं टोक पावडरीत टेकवायचं आणि झटकून जादाची पाडायची. जास्त लावली तर मुळ्या लवकर येत नाहीत, टोक मात्र भाजतं. दुकानात वर्षानुवर्षं पडलेली पुडी नुसती शाडूची माती समजा. कोरफडीचा गर, मध, दालचिनी हे सगळं करून झालंय माझं. दालचिनीने बुरशीला थोडा आळा बसत असेल, मधाने मात्र मुंग्या नक्की येतात. वाळू धुतलेली नसेल तर यातलं काहीच काडीला वाचवत नाही.

लावल्यावर एकदा भरपूर पाणी, मग दोन लिटरच्या पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती काडीवर उपडी. कुंडी उजेडात, पण उन्हात नाही. बंद बाटलीवर ऊन पडलं तर आत काडी वाफवली जाते. रोज पाच मिनिटं टोपण उघडायचं. बाटलीच्या आत बारीक दव दिसतंय तोवर पाणी घालायचं नाही.

आणि आता वाट बघणं. चार ते सहा आठवडे, कधी त्याहून जास्त. या काळात सगळ्यात जास्त काड्या मरतात त्या आपल्या उत्सुकतेने. "बघू तरी" म्हणून हलवलेल्या काडीची सुईएवढी मूळ जागच्या जागी तुटते. माझ्यासारखाच तुम्हालाही धीर नसेल तर एक युक्ती: लग्नकार्यातला पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास घ्या, तळाला भोकं पाडा, काडी त्यात लावा आणि तो ग्लास स्टीलच्या किंवा रंगीत ग्लासात बसवा. बघायचं असेल तेव्हा आतला ग्लास उचला. मुळ्या कडेला आल्या की पांढऱ्या दोऱ्यांसारख्या दिसतात. बघून झालं की परत अंधारात.

मुळ्या आल्याची वरून दिसणारी खूण पहिली पानं नव्हे. पहिल्या फुटव्यानंतर वाढ थांबते, मग काही आठवड्यांनी नवी, मोठी, तकतकीत पानांची जोडी येते. ती आली की समजावं. मगच बाटली, तीही एकदम नाही. आधी टोपण दिवसभर उघडं, मग रात्री बाटली काढायची, मग पूर्ण. या सवयीला आठवडा द्या.

एवढा खटाटोप टाळायचा असेल तर: दाब कलम

खरं सांगू? मूळ वेल तुमच्या आवाक्यात असेल, तर काड्यांच्या मागे लागूच नका. जाईच्या फांद्या लांब, लोंबत्या. पावसाळ्यात एखादी जमिनीला टेकली की तिथे आपोआप मुळ्या सोडते. मावशीच्या मांडवाखाली अशी दोन रोपं वर्षानुवर्षं उभी होती. मी त्यांच्यावर पाय देऊन काड्या कापत होते!

दाब कलमात फांदी आईपासून तुटतच नाही. मुळ्या येईपर्यंत पाणी आणि अन्न दोन्ही वेल पुरवते, त्यामुळे वर सांगितलेली शिदोरी संपण्याची भानगडच नाही. पद्धत अशी. जून-जुलैत बुंध्याजवळची, वर्षभर वयाची, जमिनीपर्यंत वाकेल अशी फांदी निवडा. जिथे टेकते तिथली पानं काढा. एका पेराच्या किंचित खाली, फांदीच्या खालच्या अंगाला तिरका काप द्या, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, जास्त नाही. काप परत चिकटू नये म्हणून त्यात आगपेटीच्या काडीचा तुकडा अडकवा. जमिनीत चार बोटं खोल चर करा. काळी माती असेल तर चरात ओंजळभर धुतलेली वाळू आणि मुरलेलं शेणखत मिसळा. इथे खत चालतं, फांदी उपाशी नाही. कापलेला भाग चरात बसवा, तारेचा आकडा करून खिळवा, माती लोटा आणि वर चपटा दगड ठेवा. दगड दोन कामं करतो: फांदी उसळू देत नाही आणि खालची ओल धरून ठेवतो. फांदीचा शेंडा बाहेर ठेवून काठीला बांधा.

पावसाने उघडीप दिली तर दगडाभोवती तांब्याभर पाणी. बाकी काही नाही. दोन ते तीन महिन्यांत मुळ्या येतात. हस्ताचा पाऊस संपता संपता दगड बाजूला करून हलकेच ओढून बघा. धरून ठेवलंय असं वाटलं तर आईकडच्या बाजूने फांदी अर्धीच कापा. पंधरा दिवस थांबा. रोप टवटवीत राहिलं तर पूर्ण कापा आणि मुळ्यांभोवतीच्या मातीसकट उचला. एकदम कापून त्याच दिवशी उचललेलं रोप मी घालवलं आहे.

एकाहून जास्त रोपं हवी असतील तर लांब फांदी सापासारखी खाली-वर न्यायची, एक पेर जमिनीत, पुढची दोन बाहेर, परत एक जमिनीत. दर बाहेरच्या भागावर निदान एक जिवंत डोळा राहील एवढं बघा. मला एका फांदीवर तीन रोपं मिळाली.

वेल कुंडीत असेल तर फांदी शेजारच्या दुसऱ्या कुंडीत दाबायची, तेवढाच फरक. गुटी कलमही होतं, पण जाईची फांदी बारीक असते. साल काढून शेवाळ बांधलं की वाऱ्याने तिथेच मोडते. बुंध्याकडची अंगठ्याएवढी फांदी असेल तरच त्या वाटेला जा.

रोप लागलं, पण फुलत नाही

ही पुढची तक्रार, आणि तिची कारणं बहुतेकदा कंटाळवाणी असतात. पहिलं म्हणजे ऊन. रोज पाच-सहा तास थेट ऊन नसेल तर जाई पानांची होते. भिंतीच्या सावलीतला वेल वाढत वाढत शेजाऱ्यांच्या गच्चीत जाऊन फुलतो, आणि फुलं त्यांच्या देवाला जातात.

दुसरं, छाटणी. जाईला फुलं नव्या फुटव्यावर येतात. छाटायचं जिवावर येतं म्हणून वेल तसाच ठेवला तर वर जुन्या काटक्यांचं घरटं होतं आणि कडेला चार फुलं. डिसेंबरअखेर ते जानेवारीत, बहर संपल्यावर, मेलेल्या आणि काडीसारख्या बारीक फांद्या मुळापासून काढा, चांगल्या फांद्या निम्म्याने कमी करा. फुलशेतीवाले तर जमिनीपासून दीड-दोन फुटांवर छाटतात. मांडवावरच्या वेलीचा सांगाडा ठेवून बाकीचं कमी केलं तरी चालतं. छाटणीआधी पंधरा दिवस पाणी तोडा, नंतर आळं खणून शेणखत द्या. मे-जूनमध्ये "जरा नीटनेटका करते" म्हणून कात्री लावलीत तर त्या वर्षीच्या कळ्याच कापल्यात असं समजा.

युरिया घातला असेल तर पानं काळीभोर हिरवी, हातभर फुटवे आणि कळी नाही. थांबवा, आणि एक हंगाम जाऊ द्या.

पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तेही नव्या पानांवर, हे चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हमखास दिसतं. लोह मातीत असतं, मुळांना मिळत नाही. फेरस सल्फेट लिटरला 5 ग्रॅम, संध्याकाळी पानांवर फवारा, दहा-बारा दिवसांनी परत. लादी आणि कपड्यांवर पडू देऊ नका, गंजाचे डाग जात नाहीत.

आणि एकदा हेही तपासा, की तुमच्याकडे आहे ती जाईच आहे ना. रोपवाटिकेतून जाई म्हणून आणलेली माझी पहिली वेल जुई निघाली. पान बघा: जाईच्या एका देठावर सात-नऊ पर्णिका असतात, टोकाची सर्वात मोठी. जुईचं पान वरवर एकच वाटतं, पण देठाशी दोन चिमुकल्या पर्णिका कानांसारख्या चिकटलेल्या असतात. तिच्या शास्त्रीय नावातला ऑरिक्युलेटम हा शब्द या कानांवरूनच. जुईच्या पानांवर कधी पांढरी लोकरीसारखी लव उगवते. ती बुरशी समजून लोक बुरशीनाशक मारत राहतात, पण ते डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडींचं (माइट्सचं) काम असतं. तशी पानं-फांद्या कापून पिशवीत बांधून फेका आणि उरलेल्या वेलीवर पाण्यात मिसळणारं गंधक फवारा, कडक ऊन नसताना.

शेवटी कळ्यांबद्दल. जाईची कळी बाहेरून गुलाबी-जांभळट असते, ती तिची रीत आहे. गेल्या वर्षी शेजारच्या काकूंनी रोग पडला म्हणून अशा ओंजळभर निरोगी कळ्या खुडून टाकल्या. कीड असेल तर कळी नुसती गुलाबी नसते. ती आखूड राहते, बुडाशी फुगते, न उमलता सुकून गळते, आणि फोडली तर आत बारीक अळ्या दिसतात. तशा कळ्या रोज वेचायच्या, खाली पडलेल्याही, आणि बुंध्याभोवतीची माती आठवड्यातून एकदा खुरप्याने हलवायची, कारण या अळ्या एका बारीक माशीच्या, आणि तिचे कोष मातीत असतात. निंबोळी पेंड मिसळली तर उत्तम. बाकी गुलाबी कळ्या राहू द्या, अंधार पडला की पांढऱ्या उमलतात.